विश्लेषण : माळ्यावरच्या ठासणीच्या बंदुकीला पॉलिश करावे का?

खंडेनवमीला घरातली अवजारे आणि शस्त्रे बाहेर काढून पुजायची रीत जुन्नर-आंबेगावात आजही पाळली जाते. विळा, कोयता, कुऱ्हाड, नांगराचा फाळ यांच्यासोबत एखाद्या जुन्या वाड्यात तलवार निघते. क्वचित गोणपाटात गुंडाळलेली लांब नळीची ठासणीची बंदूकही निघते. मग लिंबू, राख, पॉलिश पेपर आणि पितळ घासायची पेस्ट घेऊन घरातली तरुण मंडळी कामाला लागतात. संध्याकाळपर्यंत नळी स्टीलच्या तांब्यासारखी चमकते आणि तिचा फोटो व्हॉट्सॲपवर जातो. दोन-तीनशे वर्षे टिकलेली वस्तू एका दुपारीत कायमची बिघडते, ती बहुतेक वेळा अशी.

परदेशात अर्धवट बनवलेल्या ठासणीच्या रायफलींचे किट घरी आणून लाकूड आणि धातू स्वतः सजवण्याचा छंद आहे. त्याचे व्हिडिओ आपल्याकडेही पाहिले जातात. ते पाहून घरातल्या बंदुकीवर किंवा मागवलेल्या सुट्या भागांवर हात साफ करण्याचा मोह होतो. यातले आपल्याकडे काय चालते, काय चालत नाही आणि या कामात जुन्नर-आंबेगावच्या रानातल्या हिरड्याचा काय संबंध, ते पाहू.

ठासणीची बंदूक म्हणजे नेमके काय?

जिच्यात दारू आणि गोळी नळीच्या तोंडाकडून भरून गजाने ठासायची, ती ठासणीची बंदूक. पेटवण्याच्या पद्धतीवरून तिचे प्रकार पडतात. जळत्या दोरीने, म्हणजे तोड्याने पेटणारी तोड्याची; गारगोटीच्या ठिणगीने पेटणारी चकमकीची; आणि घोडा आपटून तांब्याची छोटी टोपी फुटते ती टोपीची. नळी आतून गुळगुळीत असेल तर ती साधी बंदूक, आत पेच कापलेले असतील तर रायफल. १८५७ मध्ये ज्या काडतुसांवरून भडका उडाला ती एनफिल्ड रायफलही ठासणीचीच होती. काडतुसाचा कागद दाताने फाडून दारू नळीत ओतावी लागे आणि त्या कागदाला लावलेल्या चरबीवरून वाद पेटला.

आपल्याकडच्या तोड्याच्या बंदुकीची नळी लोखंडी, दस्ता बहुधा शिसवी किंवा तशाच कठीण लाकडाचा. चांगल्या प्रतीच्या नळीवर पोलादाच्या पट्ट्या पिळून घडवल्यामुळे उमटणारी लाटांसारखी नक्षी असते, तिला जौहर म्हणतात. काही नळ्यांवर कोफ्तगिरी, म्हणजे खरवडलेल्या लोखंडावर ठोकून बसवलेली सोन्या-चांदीची तार असते. दोन्ही गोष्टी पृष्ठभागावरच्या अगदी पातळ थरात राहतात. पॉलिश पेपर पहिल्यांदा तोच थर खातो.

या भागातल्या बंदुका गेल्या कुठे?

सह्याद्रीच्या या पट्ट्यात एकोणिसाव्या शतकात इंग्रजांविरुद्ध आणि सावकारांविरुद्ध महादेव कोळ्यांचे उठाव झाले. राघोजी भांगरे यांना २ मे १८४८ रोजी ठाण्याच्या तुरुंगात फाशी झाली. पुढे १८७३ ते १८७६ या काळात आंबेगावच्या डोंगराळ भागातल्या जांभोरीच्या होन्या केंगले यांनी सावकारांना सळो की पळो करून सोडले. त्यानंतर दोनच वर्षांनी, १८७८ मध्ये, व्हाइसरॉय लिटनच्या काळात शस्त्र कायदा आला. हिंदी माणसाला शस्त्र बाळगायला परवाना लागू लागला, युरोपियनांना मात्र सूट होती. हा कायदा देशभराचा होता, पण त्याने खेड्यातल्या बंदूक घडवणाऱ्या आणि दुरुस्त करणाऱ्या कारागिरांच्या पोटावर पाय दिला. नळीला रंग कसा चढवायचा, दस्त्याला तेल कोणते पाजायचे, हे ज्ञान अशा हातांबरोबरच विरळ होत गेले. त्यामुळेच आज घरात बंदूक असली तरी ती कशी पुसायची हे सांगणारे कोणी नसते.

किट मागवून स्वतः पूर्ण करता येईल का?

नाही. अमेरिकेच्या १९६८ च्या केंद्रीय कायद्यात काळ्या दारूवर चालणाऱ्या ठासणीच्या बंदुका सर्वसाधारणपणे ‘फायरआर्म’च्या व्याख्येबाहेर ठेवल्या आहेत, म्हणून तिथे किट टपालाने घरी येते. भारताच्या शस्त्र अधिनियम १९५९ मध्ये अशी सूट नाही. स्फोटाच्या जोराने गोळी फेकणारी कोणतीही बंदूक त्यात येते, आणि शस्त्राचे सुटे भागही. परवान्याशिवाय बंदूक बनवणे, रूपांतर करणे, इतकेच नव्हे तर दुरुस्त करणे, हे कलम ५ खाली मना आहे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर या गुन्ह्याला किमान सात वर्षे आणि कमाल जन्मठेप अशी शिक्षा आहे. शोभेच्या नकली बंदुकीचे खऱ्या बंदुकीत रूपांतर करायलाही परवाना लागतो.

शिवजयंतीच्या मिरवणुकीसाठी किंवा शाळेच्या प्रदर्शनासाठी भरीव लाकडाची प्रतिकृती करणे ही वेगळी गोष्ट. तिला नळीच नसते. खाली लाकडाबद्दल जे सांगितले आहे ते अशा प्रतिकृतीवर आणि कोयत्याच्या मुठीवर बिनधास्त करून पाहावे.

घरात वडिलोपार्जित बंदूक असेल तर?

इथे कायद्यात एक गमतीदार गाठ आहे. कलम ४५ नुसार जुन्या, कालबाह्य घडणीच्या, पुरातन मोलाच्या किंवा मोडकळीला आलेल्या शस्त्राला हा कायदा लागू होत नाही. पण अट अशी, की ते दुरुस्त करून किंवा न करता, कसेही बंदूक म्हणून वापरता येऊ नये. म्हणजे कान बुजलेली, नळी सडलेली, चापच नसलेली बंदूक सवलतीच्या जवळ असते. हौशी माणसाने तिचा कान मोकळा केला, घोडा बसवला, स्प्रिंग लावली, की तो आपल्याच हाताने तिला सवलतीपासून लांब नेतो. चांगली दुरुस्ती जितकी नीट, तितका गुन्हा मोठा.

ही वस्तू सवलतीत बसते की नाही हे घरमालकाने स्वतः ठरवून मोकळे होऊ नये. पोलीस ठाण्यात किंवा जिल्हाधिकारी कार्यालयाच्या शस्त्र परवाना शाखेत लेखी विचारणा करून उत्तर जपून ठेवावे. परवानाधारक वारल्यावर बंदूक घरात तशीच ठेवणे हीदेखील नेहमीची चूक आहे. कलम २१ प्रमाणे ती विनाविलंब पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक शस्त्रविक्रेत्याकडे जमा करायची असते. वारसाला स्वतःचा परवाना मिळाला की परत मागता येते.

पीकसंरक्षणासाठी परवाना मात्र आजही आहे. कायद्याच्या कलम १३ मध्येच खऱ्याखुऱ्या पीकसंरक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीचा उल्लेख आहे. तेवढ्याने भागत नसेल अशी अधिकाऱ्याची खात्री झाली तर दुसऱ्या बंदुकीचा विचार होतो. कोकणात असे परवानाधारक शेतकरी बरेच आहेत आणि निवडणूक लागली की बंदुका जमा करायची त्यांची धावपळ सुरू होते.

बिबट्यांमुळे आता बंदूक दुरुस्त करून ठेवावी का?

जुन्नर वन विभागात जुन्नर, आंबेगाव, खेड आणि शिरूर हे तालुके येतात. उसात जन्मलेल्या बिबट्यांची पिढी इथे माणसाच्या शेजारी वाढते आहे. २०२५ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये शिरूर तालुक्यातील पिंपरखेड परिसरात बिबट्याच्या हल्ल्यांत मुलांसह माणसे गेली. त्यानंतर शेतात जाताना गळ्यात खिळ्यांचे पट्टे घातलेल्या लोकांची छायाचित्रे देशभर पोचली. अशा वेळी माळ्यावरच्या बंदुकीकडे नजर जाणे माणसाला शोभणारेच आहे. पण ती उपयोगाची नाही. एक बार भरायला अर्धा मिनिट तरी लागतो, दारू दमट असेल तर बार उडतच नाही, आणि शंभर वर्षे गंजलेली नळी फुटली तर पहिला जखमी होतो तो खांदा लावणारा. बिबट्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे. त्याला मारण्याची परवानगी फक्त मुख्य वन्यजीव रक्षक देऊ शकतात. जीव वाचवताना स्वसंरक्षणार्थ घडलेली कृती कायदा वेगळी मानतो, पण विनापरवाना बंदुकीचा गुन्हा त्याने माफ होत नाही.

हात लावण्याआधी काय तपासायचे?

नळी भरलेली आहे का. जुन्या बंदुका भरून ठेवायची पद्धत होती आणि तो बार कधीकधी दोन पिढ्या तसाच राहिलेला असतो. काळी दारू सहसा मरत नाही. ओली झालेली दारू वाळली की पुन्हा पेटू शकते. एक लाकडी काठी नळीत हलकेच शेवटपर्यंत सोडावी, तोंडापाशी खूण करावी, मग तीच काठी नळीच्या बाहेरून लावून पाहावी. काठीचे टोक कानापर्यंत पोचत नसेल, चार-पाच बोटे अलीकडेच थांबत असेल, तर आत काहीतरी आहे. तो गंजाचा गोळा, गांधीलमाशीचे घर किंवा खरा बारही असू शकतो. ते स्वतः काढायचे नाही. आच, ड्रिल, वेल्डिंग, पेट्रोल काहीही जवळ नको. तोंड कोणाकडे नसेल अशा रीतीने ठेवून पोलीस ठाण्याला कळवावे.

गंज घासून काढणे चूक का?

गंज एकच नसतो. तांबूस, भुसभुशीत, बोटाला लागणारा गंज हा खरा शत्रू. तो स्पंजासारखा पाणी धरतो आणि खालचे लोखंड खात राहतो. पण त्याच्याखाली बहुतेकदा घट्ट, तपकिरी-काळा थर असतो. त्यातले मॅग्नेटाइट हेही लोखंडाचे ऑक्साइडच, पण ते पृष्ठभागाला धरून बसते आणि गंजाची चाल मंदावते. पोळीच्या जुन्या तव्याचा काळेपणा काही प्रमाणात हाच. कोणी शहाणा माणूस तवा पांढरा होईपर्यंत घासत नाही.

बंदूक घडवणारे कारागीर तर हा थर मुद्दाम आणत. स्वच्छ नळीवर सौम्य आम्ल-क्षाराचे द्रावण लावायचे, दमट जागी ठेवायची, बारीक तांबूस लव आली की ब्रशने झाडायची, पुन्हा लावायचे. असे आठवडाभर केले की नळीला गडद तपकिरी रंग चढतो. प्रत्येक वेळी उकळत्या पाण्यात बुडवली तर तोच तांबूस गंज काळ्या मॅग्नेटाइटमध्ये बदलतो आणि निळसर काळी झाक येते. किटवाले छंदी लोक धातूवर नेमके हेच करतात. म्हणजे लिंबू लावून चकचकीत केलेली नळी ‘मूळ रूपात’ आलेली नसते. तिचे मूळ रूप अनेकदा तपकिरी किंवा काळेच होते. शिवाय लिंबाचे आम्ल बारीक खड्ड्यांत उरते आणि पुढच्या पावसाळ्यात तिथूनच नवा गंज सुरू होतो.

हिरड्याचा संबंध काय?

आंबेगावचे आहुपे, जुन्नरचे आंबे-हातवीज, घाटघर हा पश्चिम पट्टा हिरड्याचा. उन्हाळ्यात झाडावर चढून कोवळी फळे काढायची, वाळवून काळी झाली की बाळहिरडा म्हणून विकायची, यावर इथल्या आदिवासी घरांची वर्षाची रोख रक्कम ठरते. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळाने ही झाडे मोडली, तेव्हा भरपाईसाठी मोठा झगडा करावा लागला. हा हिरडा औषधात जातो हे सर्वांना ठाऊक असते. कातडे कमावण्यात, कापड रंगवण्यात आणि शाईत तो शतकानुशतके वापरला गेला हे कमी ठाऊक असते. सगळ्याचे कारण एकच, टॅनिन. सुक्या हिरड्यात वजनाच्या साधारण तिसऱ्या हिश्शाइतके टॅनिन असते.

टॅनिन आणि लोखंड भेटले की निळसर काळे फेरिक टॅनेट तयार होते. हिराकस आणि हिरड्याची जुनी शाई म्हणजे हेच. बाभळीच्या लाकडात ठोकलेल्या खिळ्याभोवती पावसाळ्यात काळा डाग पडतो, तोही हाच. संग्रहालयातले तज्ज्ञ गंजलेल्या लोखंडावर टॅनिक ॲसिडचे पातळ द्रावण ब्रशने लावतात. सैल गंज आधी झाडलेला असतो, उरलेला गंज टॅनेटमध्ये बदलून काळा व तुलनेने स्थिर होतो, आणि वरून मेणाचा हात दिला जातो. मूळ लोखंड घासले जात नाही, हा त्याचा मोठा गुण.

घरी हे करून पाहायचे असेल तर पुरातन बंदुकीवर नव्हे, गंजलेल्या कोयत्यावर किंवा वाड्याच्या कडी-कोयंड्यावर करावे. मूठभर कुटलेला हिरडा अर्धा लिटर पाण्यात स्टीलच्या भांड्यात वीस मिनिटे उकळून रात्रभर ठेवावा आणि गाळावा. लोखंडी कढई घेतली तर औषध कढईवरच खर्च होते. कोयता साबणाने धुऊन, तारेच्या ब्रशने भुसा झाडून, पूर्ण कोरडा करावा. मग पातळ हात द्यावा, एक दिवस हवेत ठेवावा, पुन्हा द्यावा. दोन-तीन हातांत तांबूस रंग जाऊन जांभळट काळा येतो. हातमोजे घालावेत, बोटे आठवडाभर काळी राहतात. हिरड्याच्या काढ्यात टॅनिनसोबत साखर आणि इतर द्रव्येही असतात, म्हणून संग्रहालये शुद्ध टॅनिक ॲसिडच वापरतात. मौल्यवान वस्तूवर काढ्याचा प्रयोग नको, तो त्यासाठी.

लाकडाला कोणते तेल?

हीच काळी किमया लाकडावरही चालते. जुन्या अमेरिकन रायफलींचे दस्ते मेपलचे, म्हणजे पांढुरक्या लाकडाचे. नायट्रिक आम्लात लोखंड विरघळवून ते दस्त्यावर लावत आणि आच दाखवत. लाकडातल्या टॅनिनशी संयोग होऊन वाघाच्या पट्ट्यांसारखा तपकिरी रंग उठे. किटवाले आजही तेच करतात. आपल्याकडे आम्लाच्या भानगडीत पडायची गरज नाही. प्रतिकृतीच्या फिकट लाकडावर आधी हिरड्याचे पाणी आणि ते वाळल्यावर व्हिनेगरमध्ये तारेचा गोळा दोन-चार दिवस भिजवून केलेले द्रावण लावले, की रंग डोळ्यांसमोर काळवंडतो. त्याआधी लाकूड १२० पासून २४० नंबरच्या पॉलिश पेपरपर्यंत तंतूच्या दिशेने घासावे, ओल्या फडक्याने पुसावे. तंतू उभे राहतात, ते वाळल्यावर पुन्हा हलके घासावे. हा टप्पा गाळला तर रंग चढल्यावर हाताला खरखर लागते.

तेलाच्या बाबतीत सर्रास चूक होते ती खोबरेल आणि शेंगदाणा तेलाची. ही तेले वाळत नाहीत, लाकडावर चिकट राहून धूळ धरतात. जवसाचे तेल हवेतला ऑक्सिजन घेऊन घट्ट होते, म्हणून युरोपात दस्त्यांना तेच लावत. अगदी पातळ हात, अर्ध्या तासाने जादा तेल पुसून टाकायचे, दोन-तीन दिवसांनी पुढचा हात. आणि एक धोका : जवस तेलाने भिजलेल्या चिंध्या गोळा करून कोपऱ्यात टाकल्या तर त्या आपोआप तापून पेट घेऊ शकतात. त्या पसरून वाळवाव्यात किंवा पाण्यात बुडवून टाकाव्यात.

खऱ्या जुन्या दस्त्याला मात्र यातले काहीच नको. हातांच्या घामाने आणि जुन्या लाखेच्या पॉलिशने आलेला गडदपणा हाच त्याचा इतिहास असतो. मऊ ब्रशने धूळ झाडावी, पिळलेल्या फडक्याने पुसून लगेच कोरडे करावे, वर्षातून एकदा मेणाचा पातळ हात द्यावा. दस्ता नळीपासून सोडवायचा नाही, जुने लाकूड खिळीपाशी हमखास चिरते. कोफ्तगिरी किंवा जौहर दिसत असेल तर मेणापलीकडचे काम तज्ज्ञाचे. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात कला-संवर्धनाचे स्वतंत्र केंद्र आहे. चांगल्या अवस्थेतल्या जुन्या नळीचा आणि दस्त्याचा रंग कसा असतो हे नुसते पाहायचे असेल तर पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयातला शस्त्रसंग्रह जवळ आहे.

पावसाळ्यात कुठे ठेवायची?

माळशेज, नाणेघाट, भीमाशंकरच्या बाजूला चार महिने भिंतींना पाझर असतो. हवेतली आर्द्रता साठ-पासष्ट टक्क्यांच्या वर गेली की लोखंड झपाट्याने गंजू लागते. गोणपाट, लोकरीची घोंगडी आणि कातडी गवसणी ओल धरतात, त्यांत गुंडाळून ठेवणे म्हणजे ओल्या फडक्यात ठेवणे. चुलीच्या वरचा माळाही नको. धुराने लाकूड टिकते असा समज आहे, पण चूल पेटली की सुकणे आणि विझली की दमटणे या फेऱ्यात दस्ता चिरतो. बाहेरच्या भिंतीपासून सुटी, सुती कापडात, मुलांच्या हाताला येणार नाही अशा कुलूपबंद जागी आडवी ठेवावी. परवान्याची किंवा लेखी उत्तराची प्रत तिच्याजवळ न ठेवता वेगळ्या ठिकाणी ठेवावी. दिवाळीनंतर हवा कोरडी झाली की एकदा बाहेर काढून नळीवर बोट फिरवावे. बोट तांबूस झाले तर गंज जागा आहे.